नुसते मेसेज मोजून काय हाती लागतं?

२०२० च्या पहिल्या सहा महिन्यांत मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांनी कोणाला ईमेल पाठवले, कोणाशी चॅट केलं, कोणाबरोबर किती वेळ कॉलवर घालवला, हे संशोधकांनी तपासलं. कोविडच्या महासाथीत सगळे घरून काम करू लागल्यावर ईमेल आणि चॅट वाढले. नुसती बेरीज पाहणाऱ्याला वाटेल, माणसं पूर्वीपेक्षा जास्त बोलताहेत. पण कोण कोणाशी बोलतंय, हे मांडल्यावर वेगळंच दिसलं. आपल्या गटाबाहेरच्या सहकाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या वेळाचा वाटा सुमारे २५ टक्क्यांनी घटला होता. हा महासाथीचाच परिणाम नव्हे कशावरून? आधीपासून घरून काम करणारेही कंपनीत होते. त्यांच्याशी तुलना करून संशोधकांनी तो भाग वेगळा काढला. 'नेचर ह्यूमन बिहेविअर'मध्ये २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

ही घट महत्त्वाची, कारण नवी माहिती बहुधा गटाबाहेरून येते. रोज एकत्र काम करणाऱ्यांना एकमेकांचं बरंचसं आधीच ठाऊक असतं.

मोजणीतून आणखी एक गोष्ट निसटते, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. संशोधक पॉल लिओनार्डी यांनी एका मोठ्या वित्तीय कंपनीतल्या दोन गटांची तुलना केली. एका गटाला फेसबुकसारखं अंतर्गत माध्यम दिलं, दुसऱ्याला नाही. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची 'कोणाला काय येतं' ही जाण ३१ टक्क्यांनी आणि 'कोण कोणाला ओळखतं' ही जाण ८८ टक्क्यांनी सुधारली. दुसरा गट होता तिथेच राहिला. हे ज्ञान आलं ते इतरांचं बोलणं सहज नजरेखालून गेल्यामुळे. म्हणजे स्वतः एक ओळही न लिहिता केवळ वाचणारा माणूसही शिकत असतो. पोस्ट मोजणाऱ्या तक्त्यात मात्र त्याच्यापुढे शून्य पडतं.

म्हणून व्यक्तिवार गुण देणं मला अन्यायाचं वाटतं. मायक्रोसॉफ्टच्याच 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' या सुविधेत गेल्या २८ दिवसांपैकी किती दिवस कोणी ईमेल किंवा चॅट वापरलं, हे नावानिशी दिसत असे. टीकेची झोड उठल्यावर १ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने नावं काढत असल्याचं जाहीर केलं. संपूर्ण संस्थेचे एकत्रित आकडे तेवढे ठेवले. गटागटांतले दुवे तुटताहेत का, हे पाहायला नुसती बेरीज पुरत नाही, पण नावंही लागत नाहीत; कोणता गट कोणत्या गटाशी किती बोलतो, एवढे एकत्रित आकडे पुरतात. मायक्रोसॉफ्टमधली ती २५ टक्क्यांची घट सांगायलाही कोणाचं नाव घ्यावं लागलं नव्हतं.