जुनी मोटार आणि जुना सारथि

इंग्लंडांत थंडी ओसरून वसंताची चाहूल लागली, म्हणजे कित्येक घरांमागच्या गॅरेजांचीं दारें पुष्कळ महिन्यांनीं उघडतात. आंत असते ती रोजच्या कामाची मोटार नव्हे. पांघरूण काढावें तों खालीं दिसते एक बुटकी, दोनच माणसांपुरती, टप मागें सारून उघडी करतां येणारी जुनी स्पोर्ट्स मोटार. तिचा धनी बहुधा साठी ओलांडलेला असतो. आणि शाळकरी पोरानें नव्या सायकलीकडे पाहावें तसा तो तिच्याकडे पाहात असतो.

श्रोतेहो, याचें कोणास हंसूं येईल. आज रस्त्यानें धांवणाऱ्या मोटारींपुढें ह्या गाडीचा पाड तो काय! बाजारहाटासाठीं वापरावयाची साधी मोटारहि चढावर हिला मागें टाकून जाईल. मग जिचें नांवच वेगाशीं जोडलेलें, तिचा वेग जगानें मागें टाकल्यावर तिच्यांत उरलें तरी काय? तारुण्याच्या आठवणी, एवढें म्हणून हा प्रश्न सोडून देतां येत नाहीं. त्याचें अर्धेंअधिक उत्तर खुद्द मोटारीच्या रचनेंत आहे.

उदाहरणादाखल 'एम. जी. बी.' ही मोटार घ्यावी. 'एम. जी.' हीं अक्षरें ऑक्सफर्ड येथील 'मॉरिस गॅरेजेस' ह्या पेढीच्या नांवांतलीं. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यानें साध्या मॉरिस मोटारींच्या सांगाड्यांवर हलक्या, देखण्या गाड्या बांधण्यास आरंभ केला, आणि १९२९ सालीं हा उद्योग जवळच्या अॅबिंग्डन गांवीं गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ ते १९४९ या काळांत, तेथून 'टी. सी.' नांवाच्या सुमारें १०,००० गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या कांहीं अमेरिकेंत गेल्या. सुकाणू उजव्या बाजूस, चाकें उंच आणि तारांचीं, थंडींत ऊब देण्याची कांहींच सोय नाहीं. तरीहि पलंगाएवढ्या मोटारींची संवय जडलेल्या त्या देशास ह्या चिमुकलीनें वेड लावलें. किंबरला मात्र हें पाहावयास मिळालें नाहीं. १९४१ मध्यें त्याला नोकरींतून दूर व्हावें लागलें होतें, आणि फेब्रुवारी १९४५ मध्यें लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकानजीक झालेल्या रेल्वे अपघातांत तो मरण पावला.

'एम. जी. बी.' निघाली १९६२ मध्यें, आणि ऑक्टोबर १९८० मध्यें अॅबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत ती बनत राहिली. टपाच्या आणि पक्क्या छपराच्या मिळून पांच लक्षांहून अधिक गाड्या झाल्या. एंजिन १,७९८ घन सेंटिमीटरचें, चार नळकांड्यांचें; अश्वशक्ति सुमारें ९५; आरंभींच्या उघड्या गाडीचें वजन एका टनाहून कमी. उभ्या स्थितींतून ताशीं ६० मैलांचा वेग गांठण्यास तिला सुमारें १२ सेकंद लागत. त्या काळीं हें चांगलें गणलें जाई. आज त्याचें कौतुक कोणी करणार नाहीं.

परंतु वेग ही एक वस्तु आणि वेगाचा अनुभव ही दुसरी. एम. जी. बी. मध्यें बसणाऱ्याचें आसन इतकें खालीं असतें कीं दाराबाहेर हात सोडला तर बोटें रस्त्याच्या जवळपास जातात. डोळा जितका जमिनीजवळ, तितकी जमीन अधिक वेगानें मागें पळतांना दिसते. उंच बैठकीच्या, कांचा लावलेल्या मोटारींत ताशीं साठ मैलांनीं जातांना डुलकी येण्याचें भय. येथें चाळीस मैलांना माणूस खडबडून जागा असतो. सुकाणूच्या आड कसलेंहि साहाय्यक यंत्र नाहीं. पुढच्या चाकांखालीं खडी आली, ओल आली, रस्ता एका अंगाला कलला, तर ती वार्ता दांड्यांवाटे सरळ तळहाताला येते. घोड्याच्या लगामांतून जसें त्याचें मन कळतें, तसेंच हें. अलीकडच्या मोटारी ही वार्ता मधल्यामध्यें अडवितात आणि चालकास निश्चिंत ठेवतात. तें पुष्कळदां हितावहहि असतें. पण निश्चिंत माणसाच्या वाट्याला हा आनंद येत नाहीं.

कानाचेंहि असेंच. किल्ली फिरवतांच मागल्या बाजूनें पेट्रोल ओढणाऱ्या विजेच्या पंपाची टिकटिक ऐकूं येते. नळ्या भरल्या कीं ती मंदावून थांबते. जाणता चालक ती थांबेपर्यंत एंजिन चालू करीत नाहीं. ब्रिटनमधल्या गाड्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पुरविणारे दोन कार्ब्युरेटर आहेत. प्रत्येकाच्या पोटांत एक दट्ट्या असतो. एंजिन जशी ओढ घेईल तसा तो वर उचलला जातो, आणि त्याच्या तळाशीं बसविलेली निमुळती सुई भोंकांतून वर सरकून अधिक इंधनाला वाट देते. दट्ट्या एकाएकीं उसळूं नये म्हणून त्याच्या माथ्यावर थोडें तेल ठेवलेलें असतें. रचना एवढीच, तिचें चित्र मुलाच्या पाटीवर काढून दाखवितां येईल. मात्र दोहोंची ओढ सारखी नसली तर एंजिन अडखळतें. ती सारखी करण्याचा जुना उपाय असा: रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरावें, दुसरें आळीपाळीनें दोहोंच्या तोंडाशीं न्यावें, आणि हवेचा सूंकार दोन्हीकडे एकसारखा येईतों स्क्रू फिरवीत राहावें. तंबोऱ्यांची जोडी लावणाऱ्यास हें काम समजावून सांगावयास नको.

आतां असा एक गृहस्थ कल्पावा कीं ज्यानें पंचविशींत ही मोटार घेतली, लग्नानंतर कांहीं वर्षें हांकली, मुलें झालीं तेव्हां तिच्यांत जागा पुरेना म्हणून गॅरेजांत लावली, आणि "पुढच्या उन्हाळ्यांत काढूं" असें म्हणतां म्हणतां पंधरा वर्षें लोटलीं. ब्रिटनमध्यें असे गृहस्थ गांवोगांव आहेत. तो आज अडुसष्ट वर्षांचा आहे. मुलगा म्हणतो, विकून टाका, बरी किंमत येईल. तेथें सत्तरी गांठली म्हणजे वाहन हांकण्याचा परवाना नव्यानें घ्यावा लागतो, आणि पुढें दर तीन वर्षांनीं प्रकृतीविषयीं स्वतः ग्वाही देऊन तो चालू ठेवावा लागतो. म्हणजे गाडी विकावी कीं जागी करावी, हा प्रश्न आणखी पंधरा वर्षें पुढें ढकलण्यासारखा उरलेला नाहीं.

जागी करणें हें घाईचें काम नव्हे. उभी राहिलेली मोटार धांवणाऱ्या मोटारीपेक्षां लवकर बिघडते, हें पुष्कळांना खरें वाटत नाहीं. टाकींतलें पेट्रोल नासून त्याचा चिकट राळेसारखा थर बसतो. ब्रेकचें तेल हवेंतलें पाणी शोषून घेतें, त्या पाण्यानें आंतले दट्टे गंजतात आणि जागच्याजागीं अडकून बसतात. टायरांवरची नक्षी नव्यासारखी दिसते, परंतु रबर वाळून त्याला तडे गेलेले असतात. सर्वांत वाईट म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पेट्या. ह्या मोटारीला निराळा सांगाडा नाहीं. सारा भार ह्या पेट्यांवर. त्या आंतून गंजल्या तर वरचा रंग कितीहि चकचकीत असो, गाडी मधोमध खचते आणि दारें नीट लागेनाशीं होतात. तेव्हां जो मनुष्य बॅटरी जोडून पहिल्याच दिवशीं किल्ली फिरवील तो पस्तावेल. ठिणगीचे प्लग काढावेत, नळकांड्यांत थोडें तेल सोडावें, एक दिवस जाऊं द्यावा, आणि मग एंजिन हातानें फिरवून पाहावें. तें मोकळें फिरलें कीं निम्मी चिंता मिटली.

सुटे भाग मिळण्याची अडचण मात्र नाहीं. १९८८ पासून ह्या मोटारीचें अख्खें पत्र्याचें शरीर मूळच्या सांच्यांवर नव्यानें बनवून मिळूं लागलें. कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनीं त्याच्या मोटारीचा सांगाडा पुन्हां बनूं लागावा, हें नवलच म्हणावयाचें. पेट्रोलचा प्रश्न थोडा नाजूक. शिसें मिसळलेलें पेट्रोल ब्रिटनमध्यें १ जानेवारी २००० पासून सर्वसाधारण विक्रींतून गेलें; झडपांच्या बैठकी त्या शिशावर तगून होत्या, म्हणून आतां तेथें कठीण धातूच्या बैठकी बसवून घेतात. सप्टेंबर २०२१ पासून नेहमींच्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क येऊं लागला, आणि तो जुन्या रबरी नळ्या खातो. नळ्या बदलणें स्वस्त. न बदलणें म्हणजे आगीशीं खेळ.

कायदाहि अशा गाड्यांना अनुकूल आहे. चाळीस वर्षें उलटलेल्या मोटारीला तेथें रस्त्याचा कर माफ आहे, आणि तिच्यांत मोठे फेरफार केलेले नसतील तर मे २०१८ पासून वार्षिक तपासणीहि सक्तीची नाहीं. परंतु कायद्यानें सूट दिली म्हणून ब्रेक सूट देत नाहींत. अपघातांत फुगून छाती वांचविणारी पिशवी हिच्यांत नाहीं, निसरड्या रस्त्यावर चाकें अडकूं न देणारी योजना नाहीं. समोरची नवी मोटार जेथें थांबेल, तेथें ही थांबेलच असें नाहीं. तेव्हां सुज्ञ मालक तपासणी करून घेतोच, आणि पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर राखतो.

इतका खटाटोप झाल्यावर पहिली फेरी निघते, आणि ती पुष्कळदां घोर निराशा करते. ही गोष्ट मोटारशौकीन सहसा कबूल करीत नाहींत. आंत बसतांनाच गुडघे कुरकुरतात. क्लच जड लागतो. एंजिनाची ऊब पायांशीं येते, पेट्रोलचा वास नाकांत बसतो, आणि ज्या आवाजाच्या आठवणीवर पंधरा वर्षें काढलीं तो आतां नुसता गोंगाट वाटतो. ब्रेकवर संवयीप्रमाणें हलका पाय ठेवावा तर गाडी थांबत नाहीं, आणि काळजाचा ठोका चुकतो. कित्येक गाड्या ह्या पहिल्या फेरीनंतरच विकल्या जातात. वास्तविक दोष गाडीचा नसतो. मधल्या वर्षांत नव्या मोटारींनीं हातापायांना आळशी केलेलें असतें. चूक केली तरी त्या सांभाळून घेतात. ही घेत नाहीं.

तिसऱ्या-चौथ्या फेरीस कांहीं पालटतें. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला चक्रांचा वेग आपोआप जुळविण्याची सोय नव्हती. गाडी चालतीच असतां तो गिअर टाकावयाचा म्हणजे क्लच दाबून दांडा मध्यें आणावा, क्लच सोडून एंजिनाला एक झटका द्यावा, पुन्हां क्लच दाबावा आणि मग दांडा सारावा. हें जमलें नाहीं तर दांते किंचाळतात आणि फुटपाथवरचे लोक वळून पाहतात. एके दिवशीं चढावर तें चालकाच्या ध्यानींमनीं नसतांना जमून जातें. दांडा लोण्यांत सुरी जावी तसा जातो. पंचविशींत शिकलेली ही विद्या पायांनीं जपून ठेविली होती, आणि मालकाला तिचा पत्ताहि नव्हता.

इंग्रजांनीं हा धंदा सोडल्यावर तो जपान्यांनीं उचलला, यांत मौज आहे. ब्रिटिश उघड्या मोटारींवरूनच स्फूर्ति घेऊन माझ्दा कंपनीनें फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत आपली दोन आसनांची एम. एक्स.-५ मांडली, आणि २०१६ पर्यंत तशा दहा लक्ष बनविल्या. तिचें सूत्र म्हणून ते 'जिन्बा इत्ताइ' हे शब्द सांगतात, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. मराठींत ह्याला मांड बसणें म्हणतात. माझ्दाची गाडी गळत नाहीं, पावसांत बंद पडत नाहीं, आणि तरीहि मांड बसूं देते. ज्यास दुरुस्तीचा कंटाळा त्यानें तीच घ्यावी, हें उत्तम.

आपला गृहस्थ मात्र जुन्यालाच चिकटला. अॅबिंग्डनहून वाँटेज, आणि तेथून टेकड्यांच्या पायथ्यानें अफिंग्टनकडे जाणारा अरुंद, वळणावळणाचा रस्ता त्यानें धरला. वर टेकडीवर खडूच्या पांढऱ्या रेघांनीं रेखाटलेला, सुमारें तीन हजार वर्षांचा घोडा आहे. वळण आलें कीं आधीं वेग उतरवावयाचा, गिअर खालीं आणावयाचा, आणि वळणांतून बाहेर पडतांना एंजिनाला हलकेंच मोकळें सोडावयाचें. कांटा पंचेचाळिसाच्या पुढें गेलाहि नाहीं. टेकडीखालीं त्यानें गाडी थांबविली. तापलेलें एंजिन निवतांना बारीक टकटक करीत होतें. तेवढ्यांत पावसाचे थेंब आले, आणि कापडी टप ओढून बसवितां बसवितां तो अर्धा भिजला.

घरीं आल्यावर मुलानें विचारलें, "बाबा, मग विकावयाची तिची जाहिरात केव्हां द्यावयाची?" बापानें ऐकलें न ऐकलेंसें केलें, आणि एंजिनाखालीं ठिबकणारें तेल धरावयास पत्र्याचें एक जुनें ताट आणून सरकवलें.