यादीत धनज आहे का?

पायथॉन या संगणकभाषेत 'डिक्शनरी' म्हणजे नावे दिलेल्या कप्प्यांची नोंद. कप्प्याचे नाव ही 'की' आणि आतला मजकूर ही 'व्हॅल्यू'. वाशिम जिल्ह्यातल्या धनजची नोंद अशी होईल: गाव धनज बुद्रुक, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम. गावोगावच्या अशा नोंदी एकत्र ठेवल्या की डिक्शनरींची यादी तयार होते.

या यादीत 'धनज बुद्रुक' आहे का, हे नवशिका 'इन' वापरून थेट विचारतो आणि गाव समोर दिसत असूनही 'फॉल्स', म्हणजे 'नाही', असे उत्तर येते. यादीतला प्रत्येक घटक ही अख्खी नोंद असते. एकटे नाव अख्ख्या नोंदीशी जुळत नाही. एकेका नोंदीलाच 'इन'ने विचारले तरी भागत नाही, कारण डिक्शनरीत 'इन' फक्त की पाहतो.

योग्य साधन म्हणजे 'एनी' हे फंक्शन. प्रत्येक नोंदीचा 'गाव' हा कप्पा त्याच्याकरवी तपासून घ्यायचा. पहिली जुळणी होताच ते 'ट्रू', म्हणजे 'हो', सांगून थांबते, उरलेली यादी वाचत नाही. एखाद्या नोंदीत तो कप्पाच नसेल, तर चौकटी कंसाने वाचताना 'की एरर' येऊन प्रोग्राम बंद पडतो. डिक्शनरीच्या 'गेट' या पद्धतीने वाचल्यास शोध पुढे चालू राहतो.

खरी कसोटी दोन अटींची. कारंजा नावाचा तालुका वाशिममध्ये आहे, तसाच वर्धा जिल्ह्यातही आहे. एक कारंजा लाड, दुसरे कारंजा घाडगे. 'कारंजा आहे का' आणि 'वाशिम आहे का' असे दोन वेगळे शोध घेतले, तर वर्ध्याचे कारंजा आणि वाशिमचे रिसोड मिळूनही दोन्ही उत्तरे 'हो' येतील. म्हणून दोन्ही अटी एकाच 'एनी'त, एकाच नोंदीवर लावाव्या लागतात.

लेखनभेदही तितकेच छळतात. 'वाशिम' आणि 'वाशीम' संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. 'बुद्रुक'च्या जागी 'बु.' असले किंवा शेवटी रिकामी जागा राहिली, तरी जुळणी फसते. सगळी नावे आधी एकाच रूपात आणणे हाच त्यावर भरवशाचा इलाज आहे. नुसता 'धनज' हा अक्षरगट नावात शोधला तर गाव सापडते खरे, पण यादीत एखादे 'धनज खुर्द' असेल तर तेही 'हो' म्हणवते.

हजारो नावे पुन्हापुन्हा तपासायची असतील, तर दरवेळी यादी चाळण्यापेक्षा एकदाच गाव, तालुका आणि जिल्हा यांचे त्रिकूट करून 'सेट' या संग्रहात ठेवावे. यादी कितीही वाढली तरी तिथले उत्तर साधारण तितक्याच वेळात मिळते.