चेहरा देखणा, नाव पोटाकडे

पावसाळा सरत आला की मॅक्रो लेन्सवाली मंडळी झुडपांपाशी गुडघे टेकून बसलेली दिसतात. त्यांचा लाडका नायक ठरलेला आहे: उड्या मारणारा कोळी. समोर दोन टपोरे डोळे, त्यांत फ्लॅशची चमक, तोंडाशी दाट केस. फोटोला दाद भरपूर मिळते. मग कुणीतरी विचारतं, "प्रजाती कुठली?" आणि घोडं अडतं. कारण कोळ्याच्या चेहऱ्यावरून कळतं ते फार तर आडनाव.

आडनावापुरते डोळे मात्र पक्के साक्षीदार. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांच्या मांडणीवरून कूळ ओळखता येतं. उड्या मारणाऱ्यांचे समोरचे मधले दोन सगळ्यांत मोठे. लांडगा-कोळ्याला खाली चार बारीक डोळ्यांची ओळ, तिच्यावर दोन मोठे आणि त्यांच्या मागे आणखी दोन. रात्री विजेरी कपाळाशी धरून गवतावर मारली, की हे डोळे हिरवट-पांढरे चमकतात. विजेरी कमरेशी धरली तर चमक हुकते, कारण त्या डोळ्यांतून प्रकाश आला त्याच दिशेला परततो. दवही चमकतं म्हणा, पण दव पळून जात नाही.

प्रजातीपर्यंत पोचायचं तर अवघड जागी पाहावं लागतं. मादीच्या पोटाखाली जननछिद्रापाशी एक टणक, नक्षीदार भाग असतो. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड स्पर्शकांची टोकं फुगीर आणि गुंतागुंतीची असतात. या दोन अवयवांचा आकार प्रजातीगणिक बदलतो आणि तो नीट पाहायला बहुधा सूक्ष्मदर्शकच लागतो. पिल्लांमध्ये हे अवयव पूर्ण तयारच झालेले नसतात. रंगावर तर विसंबूच नये. फुलावर दबा धरणाऱ्या खेकडा-कोळ्यांतल्या काही माद्या पांढऱ्याच्या पिवळ्या होतात. सह्याद्रीतल्या भल्यामोठ्या रानकोळिणीच्या जाळ्यात फिरणारा इवलासा लालसर कोळी तिचं पिल्लू वाटतो, पण बऱ्याचदा तो तिचा नर असतो. म्हणून "वंश अमुक, प्रजाती अनिश्चित" असं लिहून थांबणारा निरीक्षक मला धडाधड लॅटिन नावं ठोकणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. 2022 मध्ये जगातल्या नोंद झालेल्या कोळ्यांच्या प्रजातींनी 50,000चा आकडा ओलांडला. आपल्या अंगणातलेही सगळे त्यात आले असतील असं नाही. 26/11च्या हल्ल्यात कसाबला पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांचं नाव ज्याला दिलं, तो 'इसियस तुकारामी' हा उड्या मारणारा कोळी ठाणे-कल्याण परिसरातलाच, आणि त्याची नोंद झाली 2021 मध्ये.

तेव्हा चेहऱ्याचा फोटो जरूर काढा, पण मग वरून, बाजूने आणि खालूनही काढा. जाळ्यातल्या कोळ्यासाठी पलीकडच्या बाजूला गेलं की पोट आयतं दिसतं. भटक्या कोळ्याला पारदर्शक डबीत घ्यावं, खालून टिपावं आणि उचललं तिथेच सोडावं. तारीख, ठिकाण, झाड की दगड, शेजारी मोजपट्टी, एवढं टिपून ठेवलं की असा कुरूप फोटोही अभ्यासकाला मोलाचा. काही जण कोळी हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवतात, जाळं उठून दिसावं म्हणून त्यावर पीठ उडवतात. जाळ्याचा चिकटपणाच गेला तर कोळ्याने खायचं काय?

पाळलेल्या कोळ्यांची तऱ्हा वेगळी. तिथे कोळी पळून जात नाही, प्रकाश हवा तसा मिळतो, आणि टाकलेली कात हाती येते. टॅरँटुला मादीच्या कातेत आतल्या वीर्यकोशाचं अस्तरही निघून येतं, त्यामुळे कोळ्याला हात न लावता नर की मादी ते ठरवता येतं. पण ओळखीचा मोठा आधार, म्हणजे तो सापडला कुठे, तेवढा नेमका हरवलेला असतो. उरते विक्रेत्याची चिठ्ठी.

निळ्या 'पोसिलोथेरिया मेटॅलिका' या टॅरँटुलाचंच पाहा. मुरारराव घोरपड्यांमुळे मराठी इतिहासात ठाऊक असलेल्या आंध्रातल्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकूडवखारीत त्याचा एक नमुना मिळाला आणि 1899 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे शंभर वर्षं पत्ता नाही. 2001 मध्ये तो सापडला तो गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. वखारीत तो लाकडांबरोबर आला असावा. आज परदेशातल्या हौशी लोकांच्या काचपेट्यांत तो सहज दिसतो आणि मूळ जंगलात मात्र अतिसंकटग्रस्त आहे. त्याची निळाई रंगद्रव्याची नसून केसांच्या सूक्ष्म रचनेतून येते. म्हणूनच फ्लॅशखाली ती भडकते आणि साध्या उजेडात बरीच मंद वाटते. या वंशातल्या प्रजाती वेगळ्या काढताना पुढच्या पायांच्या खालच्या बाजूची नक्षी पाहतात. म्हणजे इथेही कॅमेरा खालीच न्यायचा. 2019 पासून हा अख्खा वंश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटिस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तरीही तो राहतो त्या झाडाच्या ढोलीचा नेमका पत्ता चोराला फोटोतूनच मिळू शकतो. निसर्गनोंदींच्या 'आयनॅचरलिस्ट'वर धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं. व्हॉट्सअॅपवर मात्र मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, तर मोबाइलने नोंदवलेले अक्षांश-रेखांशही तिच्यासोबत जातात.