धक्क्यावरची सावली

मार्वे आणि मनोरी यांच्यामधली खाडी फेरीबोटीने ओलांडायला काही मिनिटे पुरतात. ज्यांना ती रोज ओलांडावी लागते त्यांना मात्र प्रवासापेक्षा प्रतीक्षाच मोठी वाटते. कचेरी, महाविद्यालय, मोठे इस्पितळ आणि रेल्वे ही सारी मालाडच्या बाजूला, घर खाडीपलीकडे. रस्त्याने यायचे तर उत्तन-भाईंदरचा लांबलचक वळसा. म्हणून शाळेला निघालेले शिक्षक, परीक्षेची घाई असलेला विद्यार्थी, मासळीची पाटी उतरवून बसलेली कोळीण आणि दुचाकी बोटीवर चढवण्यासाठी खोळंबलेला कारकून असे सारे एकाच धक्क्यावर येऊन थांबतात. चैत्र-वैशाखातील दुपारी हे थांबणे हाच या प्रवासाचा खडतर भाग असतो.

उन्हाची चर्चा निघाली की आपण पाऱ्याचा आकडा पाहतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सियसची नोंद झाली होती; मार्च २०११ मध्ये पारा ४१.६ अंशांवर गेला होता. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक असेल आणि सरासरीहून निदान साडेचार अंशांनी वाढले असेल, तर हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते. परंतु वर्तमानपत्रात छापून येणारा हा प्रत्येक आकडा सावलीतला असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, थेट ऊन लागणार नाही अशा बेताने ठेवलेला असतो. यंत्राला छप्पर लागते, हे शास्त्राने केव्हाच मान्य केले आहे; धक्क्यावरच्या माणसाच्या बाबतीत ते अजून मान्य व्हायचे आहे.

त्या माणसाच्या डोक्यावर सूर्य असतो आणि पायाखाली सकाळपासून तापत आलेले काँक्रीट. त्यात हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही. आणि तो वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. म्हणून विदर्भातल्या चाळीस अंशांपेक्षा मुंबईचे पस्तीस अंश अधिक जाचक वाटले तर त्यात केवळ शहरी नाजूकपणा नसतो. समुद्रकाठी वारा असतोच, ही समजूतही अर्धीच खरी. मार्च-एप्रिलमध्ये कित्येकदा पूर्वेचे, जमिनीवरून येणारे कोरडे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरापर्यंत अडून राहतो. मुंबईत पारा भडकतो तो बहुधा अशाच दिवशी.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. त्या उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. त्यानंतर शासनाने उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई केली. निर्णय योग्यच होता. पण समारंभ संध्याकाळी घेता येतो. दोनची पाळी, दुपारच्या सत्रातला पेपर आणि इस्पितळातली भेटीची वेळ प्रवाशाच्या सोयीने हलत नाहीत.

ऊन म्हणजे शत्रूच, असे मात्र मनोरीत कोणी म्हणणार नाही. वलांडीवर टांगलेले बोंबील वाळतात ते याच उन्हावर आणि त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. कोळीवाड्याचा व्यवहार साधा आहे: मासळीला ऊन द्यायचे आणि माणसाने शक्यतो पहाटे व उतरत्या उन्हात राबायचे. ही विभागणी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कळते, त्यांनाच धक्क्यावर मासळीप्रमाणे वाळत ठेवणे विपरीत आहे.

राज्याच्या ४८ लहान बंदरांच्या यादीत मनोरीचे नाव आहे आणि या बंदरांचा कारभार १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. याच मुंबईत बॅलार्ड पिअरवर २०२५ साली आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले. तिथे जहाजाची वाट पाहणाऱ्याला गारवा मिळतो, याबद्दल असूया नको. पण हौसेने वर्षातून एकदा जहाजात बसणाऱ्याला निवारा हा हक्क आणि पोटासाठी रोज दोनदा खाडी ओलांडणाऱ्याला तो उपकार, ही वर्गवारी कोणत्या नियमात बसते?

छप्पर घालणे अवघड नाही; ते सूर्य पाहून घालावे लागते, इतकेच. मेच्या मध्यावर मुंबईत मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते. त्या वेळी भिंतीचा उपयोग नाही, आडवे छतच हवे. तीन-चार वाजता तेच ऊन पश्चिमेकडून तिरपे आत शिरते. तिथे जाळीचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा आडोसा हवा. नुसता ठेंगणा पत्रा घातला तर तो स्वतःच तव्यासारखा तापून खालच्यांना भाजतो. छत उंच असावे, बाजू मोकळ्या असाव्यात, आणि पत्राच घालायचा तर त्याखाली हवेची पोकळी सोडून दुसरे अस्तर द्यावे. भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या उतारावर छप्पर चालणार नाही, हे उघड आहे. तेव्हा रांग वरच्या सावलीतच धरावी आणि बोट टेकल्यावर माणसांना खाली सोडावे. याला खर्च शून्य आहे. जवळ पाण्याचा एक माठ असला तर पाणपोईची जुनी रीतही पाळली जाईल. पावसाळ्यात हेच छप्पर दुसऱ्या कामाला येईल, ते निराळेच.

छत्री आहे, टोपी आहे, लिंबाचे सरबत आहे, असे सांगणारे भेटतात. ही साधने वापरावीतच. पण एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात मूल असलेल्या बाईने छत्री कोणत्या हाताने धरावी? शिवाय खाडीवर वारा सुटला की छत्री उलटीच होते.

धक्क्याच्या वाटेवर झाडे लावायची तर किनाऱ्याच्या मातीत रुजणारी हवीत. सुरू झपाट्याने वाढतो, पण त्याची सावली विरळ. करंज, उंडी आणि भेंड ही खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारी झाडे. त्यातल्या करंजाला ऐन उन्हाळ्यात नवी पालवी आलेली असते. त्यांना पुरते वाढायला वर्षे लागतील. तोवर झावळ्यांचा मांडव चालेल. लग्नघरी तो उभा करायला गावाला फार वेळ लागत नाही.