गालिचा धुलाईच्या बिलात कराचा वाटा वाढता

गालिचा ड्रायक्लिनिंगला देताना ग्राहक मजुरीवर घासाघीस करतो; पण बिल वाढण्यात कराचाही मोठा हात आहे. ड्रायक्लिनिंग १६ ऑगस्ट २००२ रोजी सेवाकराच्या कक्षेत आले, तेव्हा कराचा दर ५ टक्के होता. मे २००३मध्ये तो ८, तर सप्टेंबर २००४मध्ये १० टक्के झाला. जून २०१६मध्ये उपकरांसह तो १५ टक्क्यांवर पोहोचला. १ जुलै २०१७ रोजी सेवाकराची जागा १८ टक्के जीएसटीने घेतली. परिणामी, हजार रुपयांच्या कामावर ५० रुपये असलेला कर १८० रुपये झाला.

मात्र, वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्या सेवा व्यावसायिकाला महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसेल, तर ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. त्यामुळे कर लावलेल्या बिलावर जीएसटी क्रमांक आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत.