उभ्या गाडीचा अदृश्य खर्च

गेल्या वर्षी गणपतीसाठी कोकणात गेलो तो आगगाडीने. मोटार पुण्यातील इमारतीच्या वाहनतळावर कुलूपबंद करून ठेवली होती. आठ दिवसांनी परतल्यावर किल्ली फिरवली, तेव्हा सेल्फ लागण्याऐवजी बॉनेटखालून नुसता ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि समोरचे दिवे मलूल होऊन विझले. दुकानदाराने बॅटरी संपल्याचा निर्वाळा दिला; ती अडीच वर्षांची असल्यामुळे तो मला पटला आणि नवी बॅटरी बसली. परंतु पंधरवड्यातच गाडी सलग चार दिवस उभी राहिली, आणि नव्या बॅटरीनेही जुनीचाच कित्ता गिरवला. खजिना नवा आणूनही जर तो रिकामाच होत असेल, तर दोष खजिन्याचा नसून खर्चाचा असला पाहिजे, हे मला त्या दिवशी उमगले.

या खर्चाचे स्वरूप कळण्यासाठी बॅटरीचा जमाखर्च आधी समजून घेतला पाहिजे. शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल यांवर चालणारी, पुनःपुन्हा भारित करता येणारी ही बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली सिद्ध केली. पुढे 1912 साली चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीवर बसला, आणि लोखंडी हँडल फिरवून इंजिन जागे करण्याचे कष्टाचे व प्रसंगी हात मोडणारे काम हळूहळू इतिहासजमा झाले. लहान मोटारीच्या बॅटरीची धारणशक्ती सामान्यतः 35 अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे एक अँपिअरचा प्रवाह ती ढोबळमानाने 35 तास पुरवू शकते. पूर्ण भरलेल्या आणि काही तास विश्रांती घेतलेल्या बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट भरतो, 12.2 वर ती निम्मी उरलेली असते, आणि 12 च्या खाली गेली की स्टार्टरला क्षणभर लागणारा शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह देणे तिला जड जाते.

आता खर्चाची बाजू पाहू. जुन्या काळची मोटार किल्ली काढताच, एखादे घड्याळ वगळता, जवळजवळ निश्चल होत असे. आजची मोटार मात्र कुलूप लावल्यावरही पूर्णपणे झोपत नाही. चोरीची सूचना देणारी घंटा, दूरकिल्लीची हाक ऐकणारा ग्राहक, रेडिओची स्मृती आणि इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक हे सारे पहारेकरी अत्यल्प शिध्यावर जागे असतात. या सर्वांचा मिळून खर्च 20 ते 50 मिलीअँपिअर असला, तर तो रास्त समजावा. 50 मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास, आणि त्या हिशेबाने 35 अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. चार दिवसांत ती रिकामी होत असेल, तर या मंजूर खर्चापलीकडे कोणीतरी राजरोस उचल करीत आहे, असेच मानणे प्राप्त होते.

ही उचल शोधून काढण्यासाठी माझ्या गाडीपाशी आले ते साठी ओलांडलेले एक ऑटो इलेक्ट्रिशियन. बॉनेट उघडण्यापूर्वीच ते म्हणाले, “काका, घाई करायची नाही. गाडी आधी झोपू दे. झोपली की मग कोण जागं आहे ते दिसतं.” या एका वाक्यात अवघ्या तपासाचे मर्म होते.

त्यांनी चालकाचे दार उघडे ठेवून त्याची कडी पेचकसाने दाबून अडकवली, म्हणजे दार बंद आहे अशी गाडीची समजूत राहावी आणि आतील फ्यूजपेटीपर्यंत हातही पोहोचावा. किल्ली गाडीपासून दूर ठेवली. मग बॅटरीची ऋण तार सोडवली. धन टोकाऐवजी ऋण टोकच आधी सोडवायचे, कारण ऋण टोक गाडीच्या सांगाड्याशी एकरूप असते आणि त्याला लागलेला पाना सांगाड्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघू शकतो, म्हणून ही दक्षता अनिवार्य आहे. सोडवलेली तार आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये त्यांनी मल्टिमीटर 10 अँपिअरच्या खाचेवर जोडला, जेणेकरून गाडीला जाणारा प्रत्येक कण त्या यंत्रातून मोजूनच पुढे जावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये. स्टार्टरचा प्रचंड प्रवाह मीटरचा फ्यूज तत्काळ जाळून टाकतो.

प्रारंभी मीटरवर तीन अँपिअरहून अधिक आकडा दिसला. अधीर मनुष्य येथेच निष्कर्ष काढून मोकळा होतो. तार सोडून पुन्हा जोडली की गाडीतील सारे संगणक क्षणभर जागे होतात, आणि त्यांना निद्राधीन होण्यास वीस मिनिटांपासून तासापर्यंत अवधी लागतो. आम्ही चाळीस मिनिटे थांबलो; आकडा पायरीपायरीने उतरत 0.45 वर येऊन स्थिर झाला. मंजूर खर्चाच्या जवळजवळ दहापट!

मग एकेक फ्यूज काढून पाहण्यास प्रारंभ झाला. फ्यूज हे प्रत्येक शाखेच्या तोंडावरचे फाटक. ज्याचे फाटक बंद करताच आकडा कोसळतो, त्या शाखेत गळती आहे हे सिद्ध होते. फ्यूज उपटणे टाळायचे असेल, तर त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या बिंदूंमधला मिलिव्होल्टांचा फरकही मोजता येतो. जेथून प्रवाह वाहतो तेथे तो फरक सूक्ष्म का होईना, उमटतोच. सर्व फ्यूज काढूनही आकडा ढळला नाही, तर संशयाची सुई अल्टरनेटरकडे वळते, कारण त्यातील एखादा डायोड निकामी झाल्यास प्रवाह उलट दिशेने झिरपतो, आणि त्याची जाड तार या पेटीतून जातच नाही.

आमच्याकडे सहावा फ्यूज निघताच आकडा 0.03 वर आला. ती शाखा आतील दिव्यांची होती. इलेक्ट्रिशियननी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “फरक झाला बेचाळीस पॉइंटचा. पाच वॅटचा दिवा एवढंच खातो.” पाचाला बाराने भागले की 0.42 येते, आकड्यानेच गुन्हेगाराचे नाव सांगितले होते. फ्यूज पुन्हा बसवून दहा मिनिटांनी त्यांनी डिकी झटकन उघडली आणि मला दिव्याच्या काचेला बोट लावण्यास सांगितले. नुकताच लागलेला दिवा थंड असावयाचा. हा मात्र चटका बसण्याइतका तापलेला होता. झाकण मिटल्याची वर्दी देणारी कळ वाकलेली होती, आणि म्हणून बंद डिकीच्या अंधारात तो दिवा अहोरात्र जळत होता. रोजच्या फेऱ्यांत अल्टरनेटर ही तूट भरून काढीत असल्यामुळे ती कधी जाणवली नव्हती.

कळ सरळ करण्यास पाच मिनिटे पुरली. तिच्यासाठी मी एक बॅटरी अकारण बदलली होती. शिवाय रिक्त अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. म्हणजे जुनी बॅटरीही मुळात वयाने नव्हे, या उपासमारीने खचली असणे संभवनीय आहे. रोग न शोधता रोग्यालाच बदलण्याची ही वहिवाट महाग तर पडतेच, पण तिच्यातून मूळ कारण अबाधित राहते.

निघताना इलेक्ट्रिशियननी एका चिठ्ठीवर तारीख आणि ‘0.03’ एवढेच लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवली. पुढे नवे संगीतयंत्र किंवा कॅमेरा बसवला की पुन्हा मोजायचे आणि या आकड्याशी रुजवात घालायची, असे त्यांनी बजावले. निरोगी असतानाची नाडी ठाऊक असेल, तरच बिघडलेली ओळखता येते. ती चिठ्ठी मी अद्याप जपून ठेवली आहे, आणि यंदा गावी जाण्यापूर्वी तिच्याखाली दुसरा आकडा माझ्या हाताने लिहिला आहे.