जुनी फटफटी घरीच नवी करताय? आधी आरसी बघा, मग रंगाचा डबा आणा

वडवणी : गोठ्याच्या कडेला नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये पोत्याखाली झाकलेली जुनी मोटारसायकल तालुक्यातल्या कित्येक घरांत निघेल. कुणाची सीडी १००, कुणाची जुनी स्प्लेंडर, एखाद्या हौशी माणसाची आरएक्स १००. मोबाईलवर व्हिडिओ बघून ती घरीच खोलायची आणि नवीकोरी करायची हौस आता पोरांना लागलीय. हौस चांगलीच आहे. पण बहुतेक जण सुरुवात रंगापासून करतात आणि पैसा तिथंच फसतो.

मुदत संपलेली गाडी

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. २००८ साली घेतलेल्या गाडीची मुदत २०२३ मध्येच संपली. त्यानंतर एका वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून मिळतं. त्यासाठी फॉर्म २५ भरावा लागतो आणि गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की मुदतीची तारीख समजते.

नूतनीकरणाचं शुल्क दुचाकीला १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये आहे. २० वर्षांच्या वरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० रुपये झालं. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. खरी मेख पुढं आहे. मुदत उलटल्यावर अर्ज केला तर महिन्याला ३०० रुपये जादा शुल्काची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. तीन वर्षं उशीर म्हणजे हिशेबानं १०,८०० रुपये! भंगारवाला अख्ख्या गाडीचे तेवढे देत नाही. म्हणून पार्ट आणायच्या आधी आरटीओत जाऊन आपल्या गाडीला एकूण किती भरावे लागतील ते विचारून घ्यावं. जिल्ह्यात एमएच २३ ची गाडी बीडची आणि एमएच ४४ ची अंबाजोगाईची.

गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. कुणाकडून घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०, आणि त्यावर मूळ मालकाची सही. "कागद नाहीत, पण गाडी स्वस्तात देतो" असं कुणी म्हणालं तर तिथूनच माघारी फिरावं. गाडी चोरीची निघाली तर घेणाराही अडकतो.

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांत हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो. गंज काढताना तिथं ग्राइंडर लावू नका आणि पुट्टीही भरू नका. तपासणीत नंबर वाचता आला नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

टाकीपासून सुरुवात

बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत पहिली खराब होते ती पेट्रोलची टाकी. जुनं पेट्रोल चिकट होतं आणि आतून गंज धरतो. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, जुने रबरी पाइप आणि वॉशरही खराब करतं. तेव्हा पाइप आणि कार्बोरेटरचं रबर किट नवीनच टाकावं. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत.

गंज काढायला पेट्रोल पूर्ण ओतून टाकी उघड्यावर नीट वाळवावी. मग लिंबूसताचं पाणी भरून रात्रभर ठेवावी. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवावी आणि लगेच कोरडी करावी. ओली राहिली तर दोन दिवसांत पुन्हा तांबूस होते.

टाकी गळत असेल तर ती उचलून सरळ वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकामी दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ असते. ठिणगी पडली की तीच भडकते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. टाकी बदललेली बरी.

किक बसत नसेल तर उड्या मारून लावू नका. प्लग काढून त्या भोकात थोडं ऑइल सोडा, एक दिवस जाऊ द्या, मग हातानं हळूहळू किक हलवा. कार्बोरेटरचे जेट तारेनं टोकरू नयेत. भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते. जेट हवेनंच साफ करावेत. काळा धूर येत असेल तर बहुतेक वेळा कार्बोरेटरचं काम असतं. चार स्ट्रोकच्या गाडीतून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचा खर्च आला. आरएक्स १०० दोन स्ट्रोकची असल्यामुळं ती थोडा धूर टाकणारच.

बोअर-पिस्टन, क्रँक, गिअर ही कामं मात्र मेकॅनिककडेच द्यावीत. मापं लागतात, अंदाज चालत नाही. ब्रेक लायनर घरी बदलता येतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तिथली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. फ्यूज उडतोय म्हणून तिथं तार गुंडाळणं म्हणजे वायरिंगला आग लावणं.

सजावट कुठवर?

सीट कव्हर, ग्रिप, स्टिकर, त्याच रंगाचा नवा हात, यात अडचण नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी, इंजिन बदललं तरी हवी. मूळ ढाच्यात परस्पर बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलाला ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. आकडे वाकवून 'दादा' दिसेल अशा नंबर प्लेटचे दिवसही गेले. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला आता हाय सिक्युरिटी प्लेट लागते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं. पण ती नियमात बसत नाही, रस्त्यावर आज ना उद्या अडवतील, हेही त्यांनी लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. प्रत्येकाला बोलेरो मिळत नसते.

गाडी 'स्लिम' दिसावी म्हणून मागचं साडी गार्ड काढण्याची फॅशन सगळ्यात वाईट. ते शोभेचं नाही. मागं बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकात गेली तर क्षणात गळ्याला फास बसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण आणि मागच्याला धरायला हँडल असलंच पाहिजे. जुनं गार्ड मोडलं असेल तर नवं आणून बसवा.

विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पण गाडीनं कुणाचा जीव गेला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते, प्रसंगी जमिनीवर येते.

नवीन पिस्टन टाकला असेल तर पहिले ५०० किलोमीटर गाडी ताणू नये, डबलसीट घाट चढवू नये. तेवढे झाले की ऑइल बदलावं आणि सगळे नटबोल्ट पुन्हा एकदा पान्यानं तपासावेत.